जुना मिनी ट्रॅक्टर लिलावात घेताना: आधी कागद, मग इंजिन, शेवटी बोली

द्राक्ष, डाळिंब, ऊस, कपाशी यांच्या ओळींतून चालणारा १५ ते २८ एचपीचा छोटा ट्रॅक्टर दोन-चार एकरांच्या शेतकऱ्याला परवडणारा ट्रॅक्टर. नवा घ्यायला पैसे कमी पडतात आणि हप्त्याची भीती वाटते, म्हणून आता बरेच जण लिलावाकडे वळतात. हप्ते थकले म्हणून फायनान्स कंपनीने ओढून आणलेला, पतसंस्थेने जप्त केलेला, एखाद्या संस्थेने निर्लेखित केलेला (वापरातून काढून टाकलेला) ट्रॅक्टर बाजारभावापेक्षा स्वस्तात मिळतो, हे खरंच आहे. पण तो स्वस्त का, ते आधी समजून घ्या. लिलावाच्या अटींत पहिलंच वाक्य असतं, 'जसे आहे तसे, जिथे आहे तिथे'. म्हणजे दोष निघाला तर तो तुमचा, कागद अडला तर तोही तुमचा. ही जोखीम विकणाऱ्याच्या डोक्यावरून तुमच्या डोक्यावर येते, आणि किंमत कमी दिसते ती त्यामुळे. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की लिलावाच्या दिवशी फक्त आकडा बोलायचा. निर्णय त्याआधी, यार्डात आणि आरटीओच्या नोंदींत बघून झालेला असला पाहिजे.

काम ठरवा, मग एचपी

आपल्या शेतात ट्रॅक्टर नेमकं काय करणार, हे आधी वहीत लिहा. कपाशी किंवा उसात कोळपणी, पाळी आणि हलका रोटाव्हेटर एवढंच असेल तर महिंद्रा युवराज २१५ किंवा स्वराज ७१७ सारखा १५ एचपीचा एक सिलिंडरचा ट्रॅक्टर पुरतो. दोन्हींची इंजिनं साधी आहेत, आणि तालुक्याच्या गावातला मिस्त्रीही ती खोलतो. बागेत पीटीओवर (इंजिनाची ताकद अवजाराला देणारा मागचा शाफ्ट) फवारणीचा ब्लोअर चालवायचा असेल तर १८ एचपीच्या खाली जाऊ नका. व्हीएसटी शक्तीचा एमटी १८०डी, कुबोटाचा बी२४४१, महिंद्राचा जीवो २४५ ही बागेतली ओळखीची नावं. यांत चारही चाकं ओढणारे मॉडेल चढावर आणि ओल्या वाफशात कामाला येतात, पण पुढच्या ॲक्सलमधले गिअर खराब झाले तर खर्चही तसाच येतो.

दोन ओळींमधली मोकळी जागा टेपने मोजा. वेलीच्या फांद्या, ठिबकची नळी, मांडवाचे खांब धरून जेवढी राहते तेवढीच खरी. मग त्या ट्रॅक्टरची मडगार्डसह बाहेरची रुंदी मोजा. एचपी बघून ट्रॅक्टर घेतला आणि तो बागेत वळेना, तर बाकी सगळं चांगलं असून उपयोग नाही.

आणखी एक चौकशी अशी करा की या मॉडेलचे पार्ट आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी मिळतात का? बंद पडलेल्या मॉडेलचा ट्रॅक्टर लिलावात फार स्वस्त मिळतो. पुढे एका ऑइल सीलसाठी आठवडा जातो, आणि फवारणीच्या हंगामात आठवडा गेला तर डावणी (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) थांबत नाही.

नवा खरंच परवडत नाही का?

हा हिशेब लिलावाच्या आधी करा, कारण बरेच जण तो करतच नाहीत. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. जुन्याचा भाव सांगणारे मात्र अजून त्याआधीची किंमत डोक्यात ठेवून बोलतात. शिवाय कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज करून नव्या ट्रॅक्टरला अनुदान मिळतं. अल्प-अत्यल्प भूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना सव्वा लाखापर्यंत, इतरांना एक लाखापर्यंत. जुन्याला यातलं काहीच नाही. जवळच्या डीलरकडून आजचं कोटेशन लेखी घ्या, त्यातून अनुदान वजा करा आणि तो आकडा खिशात ठेवून मगच यार्डात पाऊल टाका.

लिलाव कोणाचा आहे?

लिलावकर्ता कोण, यावर पुढचे सगळे कागद ठरतात.

बँक आणि फायनान्स कंपन्यांचे लिलाव सर्वांत जास्त. श्रीराम ऑटोमॉलसारख्या लिलाव कंपन्यांच्या यार्डात ट्रॅक्टर उभे असतात, बोली यार्डात किंवा ऑनलाइन होते. इथे ट्रॅक्टर तुलनेने नवे मिळतात, कारण हप्ते थकतात ते पहिल्या चार-पाच वर्षांतच. उलट बाजू अशी की मालकाला ट्रॅक्टर जाणार हे आधीच कळलेलं असतं. शेवटच्या वर्षात तो सर्व्हिसिंगवर रुपया घालत नाही, आणि बॅटरी, टॉपलिंक, हूक, पुढचं वजन घरीच राहतं.

सहकारी पतसंस्था आणि जिल्हा बँका महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम १०१ खाली वसुली दाखला घेतात आणि कलम १५६ खाली जप्ती करून जाहीर लिलाव करतात. नोटीस स्थानिक वृत्तपत्रात आणि संस्थेच्या फलकावर लागते. लिलाव करणारा असतो वसुली व विक्री अधिकारी. त्याच्या सहीचं विक्री प्रमाणपत्र हाच तुमचा पुढचा आधार.

तहसील कार्यालयाच्या लिलावात बेकायदा वाळू वाहतुकीत पकडलेले ट्रॅक्टर येतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली ते जप्त होतात आणि दंड भरला नाही की विकले जातात. त्यात मिनी ट्रॅक्टर थोडे, मोठेच जास्त. नवख्याने इथून सुरुवात करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. नदीपात्रात ओझं ओढलेल्या ट्रॅक्टरचे क्लच, ब्रेक आणि मागचे बेअरिंग वाळूने खाल्लेले असतात, वरून तो महिनोन्‌महिने तहसीलच्या आवारात पावसात उभा राहिलेला असतो.

सरकारी कार्यालयं, महामंडळं, स्वायत्त संस्था यांची निर्लेखित वाहनंही विक्रीला निघतात. इथे एक नियम पक्का लक्षात ठेवा. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी वाहनाची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि तिचं नूतनीकरण होत नाही, अशी वाहनं भंगार केंद्राकडेच जातात. नोटिशीत 'भंगार' किंवा 'स्क्रॅप' हा शब्द असेल तर ट्रॅक्टर कितीही धडधाकट दिसो, तो तुमच्या नावावर होणार नाही.

कागद

ट्रॅक्टर बघायला जाण्याआधी नोंदणी क्रमांक मागा. एम-परिवहन ॲपवर किंवा परिवहनच्या वेबसाइटवर तो टाकला की नोंदणीची तारीख, कर्जाचा बोजा, विम्याची मुदत दिसते. ई-चलान थकलंय का, तेही बघून घ्या. शेतीच्या ट्रॅक्टरची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. मुदत संपत आली असेल तर ट्रॅक्टर आरटीओच्या तपासणीला उभा करावा लागेल. तो खर्च आणि तो दिवस आताच धरा.

मग लिलावकर्त्याला सरळ विचारा: मूळ आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) तुमच्याकडे आहे का? ओढून आणलेल्या ट्रॅक्टरमध्ये सर्वांत मोठी अडचण हीच असते. मालक चिडलेला असतो, आरसी देत नाही, सही तर नाहीच. यावर कायद्यात वाट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५१ प्रमाणे फायनान्स कंपनी फॉर्म ३६ भरून आरटीओकडून आपल्या नावाने नवी आरसी घेऊ शकते, आणि मग ती तुमच्या नावावर करता येते. हे काम लिलावाआधी झालेलं असेल तर ट्रॅक्टर निम्मा सोपा झाला. 'नंतर करून देऊ' असं उत्तर आलं तर किती दिवसांत, खर्च कोणाचा, हे लेखी मागा. लेखी मिळत नसेल तर तो ट्रॅक्टर सोडा. दुसरा येतो.

यार्डात चासी नंबर आणि इंजिन नंबर स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. चिखल-ग्रीस पुसायला चिंधी आणि वायर-ब्रश न्या, मोबाइलमध्ये फोटो काढा, आरसीशी एकेक अक्षर जुळवा. आकडे घासलेले, वर-खाली ठोकलेले किंवा त्या भागावर ताजा रंग मारलेला दिसला तर तिथेच थांबा. इंजिन बदललेलं असतं, त्यात गैर काही नाही, पण त्याची नोंद आरसीवर हवी.

ट्रॉली सोबत असेल तर तिची आरसी वेगळी असते. ट्रॅक्टरच्या कागदात ट्रॉली आपोआप येत नाही.

मिनी ट्रॅक्टरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट बघावी लागते. सामाजिक न्याय विभागाच्या योजनेत अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या बचत गटांना ९० टक्के अनुदानावर मिनी ट्रॅक्टर आणि अवजारं मिळतात, आणि ती विकण्यावर, गहाण टाकण्यावर निर्बंध असतात. आरसीवर बचत गटाचं नाव दिसलं तर समाज कल्याण कार्यालयात विचारल्याशिवाय हात घालू नका. तो ट्रॅक्टर त्या गटाच्या पोटाचा असतो, आणि व्यवहार पुढे टिकतही नाही.

यार्डात: दोन तास द्या

पाहणीचा दिवस लिलावाच्या आधी असतो. तुमच्या भागातला, त्याच मॉडेलवर हात बसलेला मिस्त्री सोबत न्या आणि त्याची दिवसाची मजुरी आनंदाने द्या. या सगळ्या खरेदीत याहून चांगला खर्च नाही. सोबत १२ व्होल्टची चार्ज केलेली बॅटरी, जंप केबल, दोन-तीन लिटर डिझेल, पाना-स्क्रूड्रायव्हर, टॉर्च. बऱ्याच यार्डात इंजिन चालू करू देतात, चालवू देत नाहीत. चालूच करू देणार नसतील तर इंजिन उघडावं लागेल असं गृहीत धरूनच बोली ठरवा.

इंजिन थंड असतानाच बघा. तुम्ही पोचायच्या आधी कोणी गरम करून ठेवलंय का, हे हात लावून कळतं. ऑइलची पट्टी काढा. ऑइल दुधी दिसलं तर पाणी मिसळतंय, म्हणजे हेड गॅस्केट किंवा त्याहून मोठं काही. रेडिएटरचं झाकण उघडून आत तेलाचा तवंग आहे का बघा. मग स्टार्टर मारा. धूर पहिल्या मिनिटात जातो की राहतो, त्यावर लक्ष ठेवा. निळसर धूर टिकून राहिला तर ऑइल जळतंय, रिंगा आणि लायनर संपत आलेत. काळा धूर बहुतेकदा नोझल, पंप किंवा चोंदलेल्या एअर क्लीनरचा, तो तुलनेने स्वस्तात सुटतो. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल तर पुन्हा पाण्याचा संशय.

आता इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण हळूच सैल करा. तिथून भपकाऱ्याने धूर आणि दाब येत असेल तर मिस्त्री म्हणेल, 'बॅक कॉम्प्रेशन मारतंय'. याचा अर्थ किमान हाफ इंजिन, म्हणजे इंजिन उघडून रिंगा, लायनर वगैरे बदलण्याचं काम. एक सिलिंडरच्या इंजिनात थोडा श्वास लागतोच, म्हणून हे ठरवायला सवयीचा कान-डोळा लागतो. याच इंजिनांना थरथर जास्त असते, तेव्हा इंजिन बसवलेल्या ठिकाणचे बोल्ट, बोनेटचे कोपरे, सायलेन्सरचा बुडखा इथे चिरा आणि वेल्डिंग शोधा.

तासांच्या मीटरवर विश्वास कमी, झिजेवर जास्त ठेवा. मीटरची केबल काढली की आकडा थांबतो. पण क्लच पेडलचं रबर, हूकचं लांबट झालेलं भोक, लोअर लिंकच्या सैल झालेल्या गोळ्या खोटं बोलत नाहीत. मीटर ९०० तास सांगतोय आणि पेडलचं लोखंड चकचकीत झालंय, तर पेडलचं ऐका.

पीटीओचा शाफ्ट सहा खाचांचा असतो. खाचांच्या कडा धारदार झाल्या असतील तर तो ब्लोअर आणि रोटाव्हेटरवर खूप चाललाय. पीटीओ गुंतवून आवाज ऐका. हायड्रॉलिकला यार्डात असेल ते वजन लावा, चालेल तर दोन माणसं उभी करा. वर उचलून इंजिन बंद करा आणि दहा मिनिटं दुसरीकडे बघा. लिफ्ट लगेच खाली बसली तर सील किंवा सिलिंडरचं काम आहे. मागच्या हाउसिंगमधलं (गिअरच्या पेटीतलं) तेलही दुधी आहे का बघा. कोकणातल्या भातखाचरात चिखलणी केलेल्या ट्रॅक्टरमध्ये सीलमधून पाणी आत जातं आणि तेच तेल हायड्रॉलिकलाही लागतं.

द्राक्षबागेतून आलेल्या ट्रॅक्टरकडे वेगळ्या नजरेने बघावं लागतं. बोर्डो मिश्रणातलं मोरचूद आणि बाकीची औषधं वर्षानुवर्षं अंगावर उडालेली असतात. रिमच्या आतल्या कडा, मडगार्डची खालची बाजू, वायरिंगचे जोड, बॅटरीची पेटी हे आधी सडतं. वरून नवा रंग असेल तर रिमला आतून स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. पापुद्रा सुटला तर रिम बदलावी लागणार. या ट्रॅक्टरांचं इंजिन मात्र पुष्कळदा चांगलं निघतं, कारण ओझं ओढण्याचं काम त्यांना कमी असतं. म्हणून मी बागेतला, गंजलेला पण इंजिनाने घट्ट ट्रॅक्टर वाळूतल्या चकचकीत ट्रॅक्टरपेक्षा नेहमी वर ठेवतो.

टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी खोल असूनही टायर आठ-दहा वर्षांचा असला तर बाजूला बारीक भेगा दिसतात, तो लवकरच जाणार. चारही चाकं ओढणाऱ्या ट्रॅक्टरला पुढे-मागे कंपनीच्या मापाचेच टायर आहेत ना, हे मुद्दाम तपासा. माप चुकलं की पुढच्या ॲक्सलवर कायमचा ताण येतो. स्टिअरिंग हलवून बघा, पुढचं चाक जॅकवर उचलून हाताने हलवा, डावा-उजवा ब्रेक वेगवेगळा दाबा.

आकडा काढा

घरी येऊन कागदावर मांडा. समजा त्याच मॉडेलचा, त्याच सालचा, कागद साफ असलेला चालू ट्रॅक्टर तुमच्या भागात २,००,००० ला जातोय. मिस्त्रीने क्लच प्लेट, बॅटरी, मागचे दोन टायर आणि सर्व्हिसिंग धरून ४५,००० सांगितले. लिलावाची फी आणि कर ८,०००. यार्डाचं भाडं आणि वाहतूक ७,०००. आरटीओ आणि विमा १०,०००. हे ७०,००० वजा झाले की राहिले १,३०,०००. यातून न दिसलेल्या दोषासाठी आणखी २०,००० बाजूला काढा. तुमची शेवटची बोली १,१०,०००. इंजिन चालू करून बघता आलं नसेल तर हाफ इंजिनचा खर्चही यातून जायला हवा. आकडे तुमच्याकडे वेगळे येतील, रीत हीच ठेवा.

बोलीच्या दिवशी

आधी अटींचा कागद पूर्ण वाचा. बयाणा किती, हरलात तर तो कधी परत, जिंकून पैसे भरले नाहीत तर जप्त होतो का, बोलीवर जीएसटी आणि खरेदीदाराची फी वेगळी आहे का, यार्डाचं दिवसाचं भाडं कोणत्या तारखेपासून लागतं. फायनान्स कंपनीच्या लिलावात सर्वांत वरची बोली लागली तरी ती 'मंजुरीच्या अधीन' असते. राखीव किंमत गाठली नाही तर कंपनी नाही म्हणू शकते. मंजुरीचा निरोप येईपर्यंत टेम्पो ठरवू नका.

पहिल्या लिलावाला नुसते बसा. व्यापारी कोणते, ते कुठे थांबतात, कोणत्या मॉडेलवर सगळे तुटून पडतात, हे एका बैठकीत कळतं. व्यापाऱ्याला तो ट्रॅक्टर नफ्याने पुढे विकायचा असतो, त्यामुळे त्याची मर्यादा तुमच्यापेक्षा खाली असते. तो थांबला तिथे तुम्ही एक पायरी वर जाऊ शकता. पण दोन शेतकरीच एकमेकांवर चढले की भाव बाजारभावाच्या पुढे जातो, आणि ते दर लिलावात घडतं. आपला आकडा आला की हात खाली.

वेळही बघा. मे-जूनमध्ये, खरिपाच्या तोंडावर, सगळ्यांनाच ट्रॅक्टर हवा असतो. नाशिककडे ऑक्टोबर छाटणीच्या आधी बागेचे ट्रॅक्टर महाग होतात. हंगाम उतरल्यावर, घाई नसलेल्या महिन्यात घ्या.

पैसे, ताबा, नाव

पैसे कंपनीच्या खात्यावर, बँकेतूनच. रोख मागणाऱ्याला, तो यार्डातला माणूस असला तरी, नकार द्या. ताबा घेताना पावती, विक्रीपत्र, आरसी, सही केलेले फॉर्म २९ आणि ३०, बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आणि कंपनीचा ना-हरकत दाखला एकत्र हातात घ्या. ट्रॅक्टर दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतला असेल तर तिथला फॉर्म २८ चा ना-हरकत दाखलाही लागेल. सरकारी लिलाव असेल तर नाव बदलायला फॉर्म ३२ आणि लिलाव अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र लागतं. नावावर करायला मुदत ३० दिवस आहे. स्टॅम्प पेपरवर लिहून घेऊन तसाच वापरणारे गावोगाव आहेत. अपघात झाला की तो स्टॅम्प पेपर कामाला येत नाही.

ट्रॅक्टर चालवत घरी आणू नका. विमा बहुतेकदा संपलेला असतो आणि ब्रेकचा भरवसा नसतो. १५ ते २४ एचपीचे बरेचसे मिनी ट्रॅक्टर साधारण ६५० ते ८०० किलोच्या घरात असतात, पिकअपमध्ये आरामात बसतात. चढवताना गिअरमध्ये टाका, हँडब्रेक ओढा, चारही बाजूंनी साखळी बांधा. पाहणीच्या दिवशी काढलेले फोटो उघडून आधी मोजून घ्या की त्या दिवशी असलेले टायर, लिंका आणि डायनॅमो आजही तेच आहेत.

घरी आल्यावर

कामाला जुंपण्याआधी इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, दोन्ही डिझेल फिल्टर, कूलंट बदला. डिझेलची टाकी उतरवून धुवा, उभ्या ट्रॅक्टरच्या टाकीत पाणी आणि गाळ साचलेला असतोच. एअर क्लीनर उघडा, सगळ्या निपलांना ग्रीस भरा, फॅन बेल्ट बघा. हाउसिंगचं तेल दुधी होतं तर तेही काढा. पहिले काही दिवस हलकं काम द्या, पाळी किंवा कोळपणी, आणि संध्याकाळी ट्रॅक्टरखाली पुठ्ठा टाकून ठेवा. सकाळी ठिपके कुठे पडलेत त्यावरून कोणतं सील गेलंय ते कळतं. साधारण ५० तासांनी इंजिन ऑइल पुन्हा बदला, कारण पहिलं ऑइल आतली जुनी घाण सोबत घेऊन येतं.